पावसाला जागा

“अहो, खण उघडत नाही.”

मी पडवीत दाढी करत होतो. अर्धा गाल झाला होता, अर्धा साबणात.

“डावीकडून ओढ जरा,” मी आरशातूनच सांगितलं.

“ओढला.”

“मग उजवीकडून.”

“उजवीकडून ओढला, डावीकडून ओढला, पाय लावूनही ओढला. आता काय टेबल अंगणात नेऊन झाडाला बांधू?”

तसाच आत गेलो. खणाची मूठ धरली, श्वास रोखला आणि हिसका दिला. खण जागचा हलला नाही. टेबल मात्र चांगलं वीतभर माझ्याबरोबर पुढं आलं, वरची शाईची दौत कलंडली, आणि माझ्या गंजिफ्रॉकवर जो निळा ओघळ उतरला तो त्या गंजिफ्रॉकचं पुढं फडकं झालं तरी गेला नाही.

शालन हसली नाही. एरवी हसली असती.

“हुकूम आत आहे,” ती म्हणाली.

साल चौऱ्याहत्तर. मृग लागून चार दिवस झाले होते. मी लांज्याच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. त्या वर्षीचा पाऊस कसा होता ते एकाच गोष्टीवरून सांगतो. आमच्या स्टँडवरच्या घंटेला शेवाळ आलं होतं. वाजवली की ‘टण्’च्या ऐवजी ‘थप्’ असा आवाज यायचा आणि उतारूंना वाटायचं, कुणाच्या तरी पाठीत धपाटा बसला. तुमचा विश्वास बसत नसेल तर राहू द्या. पुढं जे सांगणार आहे त्यावर बसला म्हणजे झालं.

हुकूम म्हणजे नेमणुकीचा हुकूम. शालन लग्नाआधीच मास्तरकीची परीक्षा पास झालेली. अर्ज करून दोन वर्षं वाट बघत होती. जूनच्या पाच तारखेला पाकीट आलं. मंडणगड तालुक्यातल्या कुंभवली गावच्या शाळेवर शिक्षिका म्हणून नेमणूक. वीस जूनच्या आत मूळ हुकूम घेऊन हजर व्हावं. न झाल्यास नेमणूक रद्द समजण्यात येईल. आता लांजा कुठं आणि जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाचं मंडणगड कुठं. तीन गाड्या बदलायच्या. पहाटेची पहिली गाडी धरली तर दिवेलागणीला पोचायचं, तेही मधे घाटात दरड कोसळली नसली तर.

शालननं तो कागद तीन वेळा मोठ्यानं वाचला. तिसऱ्या वेळी तर उभं राहून, समोर वर्ग असल्यासारखा. मग घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत सगळीकडं गळायचं. न गळणारी जागा ती एकच.

आता या टेबलाविषयी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आमचं आडनाव मेस्त्री, जात सुताराची. पण आजोबा कचेरीत शिपाई, वडील कोर्टात बेलिफ आणि मी एस.टी.त. तीन पिढ्यांत कुणी रंध्याला हात लावला नव्हता. शालनचे वडील मात्र खरे सुतार. केशव पांचाळ म्हटलं की देवरुखाकडं अजून लोक हात जोडतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा आबांनी मला शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. सुपारी कातरता कातरता म्हणाले, “हत्यार धरता येतं?”

“वा! न यायला काय झालं?” मी म्हणालो. “देवघरापासून पाळण्यापर्यंत घरचं सगळं सामान मीच केलंय.”

दाराआडून कुणीतरी खुदकन हसलं. मला आवडलं ते हसणं. म्हटलं, मुलगी खुशीत आहे.

“मग आमच्या पोरीला एक टेबल करून द्या,” आबा म्हणाले. “लिहायला लागतं तिला. अजून पाटावर कागद ठेवून लिहिते.”

थाप मारायची म्हणजे ती वेळेवर विसरायची असते. ही विसरली गेली नाही. दोन वर्षं आबांच्या प्रत्येक कार्डाच्या शेवटी एक ओळ असायचीच: टेबल कुठवर आलं? शेवटी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी कंबर कसली. वेरवलीला एका घरामागचा फणस वादळानं पडला होता, त्याच्या फळ्या कापून ठेवल्या होत्या. त्या आमच्या मुकादमभाईनं गाडीच्या टपावर टाकून आणल्या. इब्राहिम मुकादम, ड्रायव्हर, माझा दोस्त. रीतसर लगेजचं तिकीट काढून, हो. स्टँडवर फळ्या उतरवताना म्हणाला, “सदू, बोट बांधतोस काय?”

“टेबल.”

“एवढ्या लाकडात? आख्खा वर्ग बसवणार का काय त्याच्यावर?”

पण लाकूड पुरलं नाही, ऐका. महिनाभर ड्यूटी संपली की मी मागच्या पडवीत. करवत, रंधा, पटाशी, सगळं बाजारातून नवं कोरं. फणसाचं लाकूड पिवळंधमक, हळदीच्या अंगासारखं. रंधा मारला की वळ्या निघायच्या आणि शालन त्या गोळा करून चूल पेटवायची. तिची चूल त्या महिन्यात फार चांगली पेटली. माझं टेबल मात्र दर आठवड्याला ठेंगणं होत गेलं. एक पाय लांब वाटला म्हणून कापला, तर तो आखूड झाला. मग बाकीचे तीन कापले. मग त्यातले दोन. मी थांबलो ते शहाणपणानं. आणखी कापत गेलो असतो तर टेबलाचा पाट झाला असता. एक पाय शेवटी दोन दोरे आखूड राहिलाच. शालन लिहायला बसली की टेबल डुगडुगायचं आणि तिचं अक्षर समुद्रातून आल्यासारखं दिसायचं.

पण खण! खण मी असा बसता केला की चारी बाजूंनी सिगारेटचा कागद जाणार नाही. ढकलला की हळूच ‘हूं’ असा हुंकार देऊन आत जायचा. मी दहा वेळा ढकलून दाखवला.

“जरासा सैल नको होता?” शालन म्हणाली होती.

“सैल? सैल खण ते बाजारू सुतार करतात. हे काम बघ, काम!”

ती गप्प बसली. मला वाटलं, कौतुकानं.

तर अकरा जूनला तो खण असा मिटला. त्या संध्याकाळी मुकादमभाई चहाला आला. त्यानं मूठ धरली, दोन्ही पाय टेबलाला लावले आणि ओढलं. मूठ उपटून त्याच्या हातात आली.

“टेबल केलंस की तिजोरी?” मूठ माझ्या हातात देत तो म्हणाला. “वहिनी, ह्याला सांगा, पुढच्या वेळी कुलूप लावू नको, खर्च वाचेल.”

शालन म्हणाली, “फोडा.”

मी टेबलावर हात फिरवला. “शालन, माझ्या हातचं पहिलं काम आहे. तुझ्यासाठी केलंय. त्याच्यावर कुऱ्हाड घालू?”

“कुऱ्हाड नको. पटाशी घाला.”

“पाऊस जरा उघडला, दोन उन्हं पडली की लाकूड सुकतं. आपोआप उघडेल.”

“मृगात उन्हं?”

“पडतात कधी कधी. सहासष्ट... नाही, छप्पन्न साली आठ दिवस पडली होती.”

“छप्पन्न साली तुम्ही शाळेत होतात, आणि अंग भिजेल म्हणून घरी बसायचात. सासूबाईंनी सांगितलंय.”

“बरं, मग जिल्ह्याला अर्ज टाकतो. नक्कल मागवू.”

“नक्कल यायला महिना जाईल. वीस तारखेला नऊ दिवस आहेत.”

मुकादमभाईनं चहा बशीत ओतला आणि बशीत बघतच प्याला. तेराला ती पाण्याला गेली असताना मी एकटा घरी होतो, तेव्हा परत एकदा खणाच्या मागं लागलो. ती आली, घागर उतरवली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं पदराला हात पुसले आणि आबांना कार्ड लिहायला बसली. टेबलावर नाही. पाटावर.

कार्डाची ओळ मी वाचली, कारण मीच ते पेटीत टाकायला नेलं. ‘टेबल झालं आहे. बघायला या. अठराच्या आत आलात तर बरं.’ बाकी काही नव्हतं.

आबा अठरालाच आले. छत्री, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं, खांद्याला कॅनव्हासची हत्यारांची पिशवी. पासष्टीचे होते, पण चालताना पिशवीतल्या लोखंडाचा आवाज येत नसे. प्रत्येक हत्यार वेगळ्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं.

पाय धुऊन ते आत आले आणि टेबलासमोर उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. न्यायाधीश निकाल वाचतो तेव्हा आरोपी बघतो तसा.

“फणस,” ते म्हणाले.

“हो.”

“कधी पडलं होतं झाड?”

“माघात.”

“आणि टेबल चैत्र-वैशाखात.” त्यांनी फळीला नाक लावलं, बोटाच्या पेरानं टकटक केलं. टेबल डुगडुगलं. खणाच्या भोवती अंगठा फिरवला. मग, माझी परवानगी मागितल्यासारखं माझ्याकडं बघून, पासष्ट वर्षांचा तो माणूस जमिनीवर उताणा झोपला आणि टेबलाखाली सरकला. बाहेर फक्त पाय राहिले.

शालन चुलीपाशी चहाचं आधण टाकत होती. तिची पाठ आमच्याकडं होती.

आबा बराच वेळ खाली होते. मला खालून एकदा नखानं खरवडल्यासारखा आवाज आला. मग ते बाहेर आले, तेव्हा हसत होते. सासऱ्याचं हसणं जावयाला कळत नाही. मला तर अजून त्यांची सगळी हसणी उलगडलेली नाहीत.

“चला, पडवीत बसू,” ते म्हणाले. “पान आहे का घरात?”

पडवीत बसलो. पागोळ्या लागल्या होत्या. आबांनी पानाचे देठ खुडले, चुना लावला.

“जावईबापू, पावसानं लाकूड फुगतं ते कसं फुगतं, ठाऊक आहे?”

“म्हणजे... फुगतं.”

“सगळीकडून फुगतं. भाकरीसारखं. वर दाबतं, खाली दाबतं. तुमचा खण तसाच फुगलाय, त्यात तुमचा काही दोष नाही. दोष म्हणजे, एवढाच की पावसाला जागा ठेवली नाहीत. वैशाखात खण केला तर चारी अंगांनी जुन्या पैशाच्या जाडीएवढी फट सोडायची. ती पावसाची. तो येणारच आहे, त्याला बसायला जागा नको?”

“बरोबर आहे.”

“पण खालून डाव्या अंगाला,” आबा पान दुमडत म्हणाले, “एकाच ठिकाणी दाबलंय. आणि तिथं सागाचा एक तुकडा आहे. टेबल फणसाचं, तुकडा सागाचा. पाऊस काही पाचर मारत नाही हो.”

मी पागोळ्या मोजत राहिलो.

आता तुम्हाला कळलं असेल की मघाशी मी एक गोष्ट गाळली. तेरा तारखेची. ती पाण्याला गेली होती तेव्हा मी खण खालून हातोडीनं हळूहळू ठोकला, आणि तो उघडला. चांगला चार बोटं बाहेर आला. आत हुकूम होता, कोरडा, घडी घातलेला. मी तो उघडून वाचला. कुंभवली. मग मी घरात नजर फिरवली. दोन खोल्या, एक खाट, चूल, तिच्या साडीची दोरीवर टाकलेली घडी. दिवसभर मी स्टँडवर भोंग्यातून ओरडायचो ते ऐकायला सगळा तालुका होता. पण घरी येऊन मी ज्या थापा मारायचो त्या ऐकणारी ती एकटी. कुठली थाप आहे हे तिला पहिल्या वाक्याला कळायचं आणि तरी ती शेवटपर्यंत ऐकायची, हातातलं काम थांबवून. मी हुकूम घडी घालून परत ठेवला, खण आत सारला, आणि खिडकीच्या मोडक्या झडपेचा एक सागी तुकडा तासून खालून ठोकला. नंतर घागरीचा आवाज आला.

“आबा,” मी म्हणालो, “तुम्ही काढा ना. तुमच्याकडं हत्यारं आहेत.”

“नाही.”

“का?”

“आमच्यात रीत आहे. आमच्यात म्हणजे तुमच्यातही, पण तुमच्याकडं तीन पिढ्यांत कुणाला लागली नाही. दुसऱ्या सुतारानं केलेल्या कामाला आपण हत्यार लावायचं नाही. त्यानं हात जोडून ‘माझ्यानं होत नाही’ म्हटलं, तर लावायचं.”

“मग जोडतो हात.”

“जोडाल. पण ‘होत नाही’ हे खरं पाहिजे ना.” त्यांनी पान तोंडात घातलं आणि नंतर गालातून बोलल्यासारखं म्हणाले, “मी देवरुखाहून निघालो तेव्हा तिची आई म्हणाली, पोरीला घेऊन या. मी म्हटलं, आधी टेबल बघतो.”

आत कपबशीचा आवाज झाला. आज अठरा. वीसला हजर व्हायचं तर उद्या पहिल्या गाडीनं निघायला हवं. मी उठलो, कोनाड्यातली पक्कड घेतली आणि टेबलाखाली शिरलो.

पाचर घट्ट बसली होती. घाबरून मारलेली पाचर फार चांगली बसते. दोनदा पक्कड सटकली, तिसऱ्यांदा ती निघाली. ती मुठीत लपवून मी बाहेर आलो. मूठ उपटलेली होती त्या भोकात पटाशी अडकवली आणि ओढलं. खण ‘हूं’ म्हणाला आणि बाहेर आला. इतक्या सहज की मी मागं जाऊन खाटेवर बसलो. खण मांडीवर.

“उघडला!” मी ओरडलो. “शालन, उघडला बघ!”

ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती. आबा तिच्या मागं.

मी खणात हात घातला. हुकूम नव्हता.

खण उलटा केला, झटकला. एक मेणबत्तीचा तुकडा टपकन खाली पडला आणि माझ्या पायापाशी घरंगळत गेला. बोटभर, वापरलेला. बाकी काही नाही. डोळ्यापुढं काय काय आलं: उंदीर, वाळवी, चोर, मुकादमभाईसुद्धा.

“अगं, होता इथं!” माझा आवाज स्टँडवरच्या भोंग्यासारखा लागला होता. “देवाशपथ होता! तेराला मी स्वतः बघितलाय. कोरडा होता, घडी घालून मी स्वतःच्या हातानं ठेवला...”

आणि मी थांबलो.

पागोळ्यांचा आवाज फार मोठा झाला.

“तेराला?” शालन म्हणाली. तिनं कप खाली ठेवले. “तेराला तर खण उघडत नव्हता.”

आयुष्यात मी किती थापा मारल्या याचा हिशेब नाही. गेंड्याला वाट दाखवल्यापासून ते पुराच्या पाण्यातून बस पोहवून नेल्यापर्यंत. एकही कुणी पकडली नाही, कारण पकडण्यासारखं त्यात खरं काही नसायचं. आणि ही एकुलती एक, घाबरून मारलेली, माझ्याच तोंडून बाहेर पडली.

“शालन,” मी म्हणालो. पुढचं वाक्य सापडेना. भोंग्यातून दिवसाला साठ गाड्या पुकारणारा माणूस मी.

“द्या,” तिनं हात पुढं केला.

“काय?”

“मुठीत आहे ते.”

मी मूठ उघडली. सागाचा तुकडा तळव्यात रुतून त्याची खूण उमटली होती. तिनं तो उचलला, उजेडात धरून बघितला, बापाकडं एकदा बघितलं. मग वाकली, टेबलाच्या त्या आखूड पायाखाली ती पाचर सारली आणि वरून तळवा दाबला. टेबल डुगडुगलं नाही. महिन्यात पहिल्यांदा.

“हुकूम कुठाय?” मी विचारलं.

“माझ्या पेटीत. चौदा तारखेपासून.”

“पण खण तर... मी तर...”

आबा आता उघड उघड हसत होते. “अहो, खणाच्या तळाची फळी बघा ना, काढून परत बसवलीय. चार खिळे. तुम्ही मारलेले गंजलेत, हे चारही चकचकीत. खाली गेलो तेव्हाच म्हटलं, पाचर जावयाची, पण खिळे आपल्या घरचे. एकही वाकडा नाही.” मग तिच्याकडं वळून जरा आवाज चढवून म्हणाले, “पण पोरी, रीत मोडलीस. दुसऱ्याच्या कामाला हत्यार लावलंस. विचारल्याशिवाय.”

“ती रीत सुतारांची,” शालन म्हणाली. “मी कुठं सुतार? मी मास्तरीण आहे.”

आबांना ठसका लागला. पान घशात गेलं असावं.

“मग दुसरं कार्ड टाकून ‘येऊ नका’ का नाही म्हणालीस? मला कशाला येऊ दिलंस?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

ती माझ्याकडं बघत म्हणाली, “पाच दिवस मी रोज सकाळी विचारत होते, ‘बघता का जरा, उघडतोय का?’ रोज तुम्ही मूठ नसलेल्या खणाला ओढल्यासारखं करायचात. चांगलं करायचात हो, घामसुद्धा यायचा. मला वाटलं, आज सांगतील. आज सांगतील.”

“नसतं सांगितलं तर?”

“तर उद्या गेलेच असते. पण आबांबरोबर गेले असते.” तिनं कप माझ्या हातात दिला. “आता एकटी जाईन. चहा घ्या, निवतोय.”

चहा कसा होता ते आठवत नाही. दुपारी मी आबांना हात जोडले. म्हटलं, आबा, खणाला पावसाची जागा ठेवायची आहे, माझ्यानं होत नाही. हे खरं होतं, म्हणून त्यांनी पिशवी सोडली. फडक्यातून एक छोटा रंधा निघाला, त्याची मूठ हात लागून लागून काळी आणि गुळगुळीत झालेली. वरच्या कडेवरून चार हात मारले, खालच्या कडेवरून तीन. मग शालननं तो मेणबत्तीचा तुकडा उचलून खणाच्या दोन्ही कडांना घासला आणि खण आत ढकलला. हुंकार आला नाही. नुसता गेला, पाण्यात होडी जाते तसा.

“आवाज गेला,” मी म्हणालो. मला जरा वाईट वाटलं.

“तुम्ही आहात की,” शालन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीला मी ड्यूटीवर होतो. स्वतःहून मागून घेतली होती. शालन खिडकीपाशी बसली, मांडीवर पेटी. मुकादमभाई स्टिअरिंगवर, वाटेतला पहिला टप्पा त्याचाच होता. मी भोंगा तोंडाला लावला आणि गाडी पुकारली. पुढची सगळी गावं सांगितली, थांबत नाही ती सुद्धा. मुकादमभाईनं मागं वळून हात हलवला, म्हणजे पुरे आता. गाडी वेळेवर सुटली. एक मिनिटसुद्धा उशीर झाला नाही, रजिस्टरला माझ्या हातची नोंद आहे. ही थाप नाही.

दीड वर्ष दर शनिवारी मी तीन गाड्या बदलत कुंभवलीला गेलो. मग मंडणगडाकडं बदली मिळाली. टेबल मुकादमभाईच्या टपावरून आलं, रीतसर तिकीट काढून. शालननं त्याच टेबलावर एकतीस वर्षं वह्या तपासल्या. आबा गेले त्याला आता बराच काळ झाला. त्यांचा तो काळ्या मुठीचा रंधा आमच्याकडं आहे. मी त्याला हात लावत नाही, मला कुणी हात जोडलेले नाहीत.

आता आम्ही दोघंही घरीच असतो. लोक येतात, गप्पा मारतात, मी सांगतो, ते ऐकतात. परवा शेजारचे नवे पोस्टमास्तर आले होते. त्यांचं लक्ष टेबलाच्या पायाकडं गेलं.

“नाना, हे काय घातलंय खाली?”

“पाचर आहे,” मी म्हणालो. “सागाची. पन्नास वर्षं होतील. ती काढली ना, तर हे घर पडेल.”

पोस्टमास्तर हसले. त्यांना माझी कीर्ती ठाऊक होती. स्वयंपाकघराच्या दाराकडं वळून म्हणाले, “काय वहिनी, नाना काय म्हणतात बघा!”

शालन कोथिंबीर निवडत होती. तिनं हातातलं काम थांबवलं होतं.

“हे मात्र खरं सांगताहेत,” ती म्हणाली.